१२४ चे ३७२ कसे झाले: आरोग्य विम्याच्या औषध-रायडरचा रिव्ह्यू

मी पिग्मीवाला. एकोणतीस वर्षं बेळगावातल्या एका सोसायटीसाठी गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ करत रोजची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा केली. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. पावसात छत्री बगलेत आणि पावतीबुक प्लास्टिकच्या पिशवीत. लाखांचे आकडे ऐकून मला काही होत नाही, पण रोजच्या हिशेबात पाच रुपये लागेनात की रात्री डोळा लागत नाही. पुढचं सगळं त्या खोडीपायी लिहिलंय.

रिव्ह्यू आमच्या मेडिक्लेमचा, त्यातही तिच्यासोबत घेतलेल्या औषधांच्या रायडरचा, म्हणजे वेगळा हप्ता देऊन पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा अटी बऱ्याच जणांच्या पॉलिसीत असतात. नाव वाचलं की माणूस 'आपली ती नव्हे' म्हणतो आणि कागद परत कपाटात जातो. माझाही सहा वर्षं कपाटातच होता.

माझी आणि सौ.ची मिळून पाच लाखांची पॉलिसी २०१९ पासून आहे. तीन वर्षांपूर्वी एजंटनं (गल्लीतलाच पोरगा, माझ्याच मांडीवर खेळलेला) हा रायडर जोडायला लावला. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची औषधं. डॉक्टरांची चिठ्ठी ॲपवर चढवायची, चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही, मग ठरलेल्या मेडिकलमध्ये कार्ड दाखवायचं. बिलातला आपला हिस्सा आपण रोख द्यायचा, उरलेले कंपनी परस्पर दुकानदाराला देते. ह्या आपल्या हिश्श्याला को-पे म्हणतात. आमचा दहा टक्के होता.

माझी रक्तदाबाची, साखरेची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, सौ.ची रक्तदाबाची आणि थायरॉईडची, असं मिळून महिन्याला १,२४० रुपये. त्यातले मी द्यायचे १२४. नाथ पै सर्कलजवळ आमचं नेहमीचं मेडिकल, दर महिन्याच्या ५ तारखेला मी जायचो, शंभराची एक नोट आणि वर चोवीस सुटे खिशातून काढूनच ठेवलेले असायचे. दुकानातला पोरगा मला बघूनच पिशवी भरायला घ्यायचा.

२०२५ च्या ५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सकाळीच गेलो. दुसऱ्या दिवशी कपिलेश्वर तलावाकडं मिरवणुका निघाल्या की आमच्या भागातून कुठंही जायचं म्हणजे चालतच, आणि चालायचं म्हणजे ढोलताशांच्या मधून. म्हणून लवकर. पोरानं पिशवी भरली, कार्ड मशीनला लावलं आणि थांबला.

"काका, ह्या खेपेला तीनशे बहात्तर दाखवालंय."

"परत लाव की."

परत लावलं. तीनशे बहात्तरच. मी बिल पालथं केलं आणि त्याचंच पेन घेऊन भागाकार केला. ३७२ भागिले १२४. बरोब्बर तीन. इथंच माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. मशीन बिघडलं, कुणी आकडा चुकीचा टाकला, तर उत्तर वेडंवाकडं येतं, ३४१ येईल, ४०७ येईल. बरोब्बर तिप्पट आलं म्हणजे कुणीतरी टक्का बदललाय. १,२४० चे तीस टक्के ३७२. कुणी बदलला आणि मला का सांगितलं नाही, एवढंच शोधायचं होतं.

पैसे भरले. गोळ्या काही थांबत नाहीत.

घरी येऊन कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पत्ता बेळगावचा म्हणून पहिली विचारणा कन्नडची, मग इंग्रजी, मग हिंदी. कन्नड घेतलं. पेठेत निम्मी पिग्मी मी कन्नडमध्येच गोळा केलीय, त्यामुळं त्याची अडचण नव्हती. बाई अगदी मऊ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, सर, तुम्ही मे महिन्यात ६५ पूर्ण केलीत, म्हणून त्यानंतरच्या पहिल्या नूतनीकरणापासून तुमचा को-पे दहाचा वीस टक्के झालाय. नूतनीकरण १८ ऑगस्टला झालं होतं. मी म्हटलं, ठीक, वीस झाले. वरचे दहा कुठले? बाई गप्प झाल्या. मग सात मिनिटं बासरी ऐकवली. मग म्हणाल्या, तुम्ही ज्या दुकानात गेलात ते १ सप्टेंबरपासून 'प्रिफर्ड' म्हणजे पसंतीच्या यादीत नाही, साध्या यादीत आहे. साध्या यादीतल्या दुकानाला दहा टक्के जादा.

म्हणजे एकाच महिन्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि दोन्ही एकमेकींवर चढून ३७२ चा आकडा झाला होता. एकच बदल असता तर कदाचित मीही 'महागाई आहे' म्हणून सोडून दिलं असतं.

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "कंपनीनं जादा सवलत मागितली काका. जुने पैसेच वेळेवर देईनात, वर सवलत कुठनं देऊ? नाही म्हटलं." त्याचंही खरं होतं. पण मला सांगायचं होतंस की. तर म्हणाला, मला तरी कुठं माहीत, तुमच्या कार्डाला किती लागतंय ते. ह्यातही त्याची चूक मला काढता आली नाही.

त्या रात्री कपाटातनं पॉलिसी काढली. चाळीस पानं, इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. ६५ वर्षांची अट २०१९ च्या कागदातही होती. नवी घुसडली नव्हती, तेवढा प्रामाणिकपणा मी कंपनीला देतो. नूतनीकरणानंतर आलेल्या कागदात पहिल्याच पानावरच्या तक्त्यात 'को-पे २०%' असं छापलंही होतं. पण जुलैपासून जे आठ मेसेज आले त्या आठही मेसेजांत फक्त हप्ता होता. हप्ता भरा, शेवटची तारीख, आत्ता भरा, लिंक इथे. तुमचा हिस्सा दुप्पट होणार आहे, असं एकाही मेसेजात नाही. पिग्मीत व्याजाचा दर पाव टक्क्यानं खाली आला तरी मी दारोदार जाऊन सांगायचो आणि शिव्या खायचो.

विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४ पासून कंपन्यांना प्रत्येक पॉलिसीसोबत एक माहितीपत्रक द्यायला लावलंय. त्यात को-पे, मर्यादा, प्रतीक्षा काळ, तक्रार कुठं करायची, हे सगळं थोडक्यात आणि सोप्या भाषेत असतं, आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यावं लागतं. हे मला एजंटच्या ऑफिसातल्या पोरीनं सांगितलं, एजंटनं नव्हे. मी मराठीत मागवलं. आठ दिवसांनी आलं ते कन्नड. आता मराठी सीमाभागातला माणूस म्हटल्यावर मी ह्यावरनं मोर्चा काढावा अशी तुमची अपेक्षा असेल, पण मी आधी वाचून काढलं, आणि बरं झालं वाचलं. त्यात को-पेला शब्द होता 'सहपावती'.

कन्नडमध्ये पावती म्हणजे पैसे भरणं. सहपावती म्हणजे सोबत मिळून पैसे भरणं, तू थोडे मी थोडे. मराठीत पावती म्हणजे पैसे भरल्याचा कागद. मी जन्मभर पावत्या फाडल्या. माझ्या मराठी डोळ्याला ते 'पावतीसह' असं दिसलं, म्हणजे बिलासोबत पावती जोडा. एक ओळ पुढं गेलो आणि मग मागं आलो. सौ. म्हणाली, "तुम्हाला जे पायजे तेच वाचता तुम्ही." नंतर एजंटनं कोल्हापूरच्या ओळखीच्याकडनं मराठी प्रत काढून आणली. तिच्यात 'सह-देयक' असा शब्द होता. हा तर कुठल्याच पेठेत कुणी बोलत नाही. सहपावती बरा.

दरम्यान पुतणीचा फोन आला. ती न्यू जर्सीला असते, तिला हे रडगाणं ऐकवलं तर ती हसायलाच लागली. "काका, हे आमच्याकडं दर जानेवारीत असतंय की." तिकडं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना विमा असणं ही नेहमीची गोष्ट. वर्ष बदललं की बऱ्याच जणांची 'डिडक्टिबल' म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरात दहा डॉलरला मिळालेली गोळी जानेवारीत अचानक महाग. शिवाय कंपनीची औषधांची एक यादी असते आणि यादीला पायऱ्या. पहिल्या पायरीवर स्वस्त जेनेरिक, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्यांनी काढलेली तीच औषधं, वर ब्रँडची. गोळी तीच, आजार तोच, पण कंपनीनं तिला वरच्या पायरीवर नेऊन बसवलं की हिस्सा वाढला. दुकानाचंही तसंच, पसंतीचं आणि साधं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या नाथ पै सर्कलची अक्कल अमेरिकेतून आलीय तर.

पण तिच्या बोलण्यातून दोन गोष्टी मला नीट कळल्या, ज्या इथं कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, तिकडं को-पे म्हणजे बहुधा ठरलेली रक्कम, गोळी महाग होवो की स्वस्त. टक्क्यानं द्यायच्या हिश्श्याला ते वेगळं नाव देतात, को-इन्शुरन्स. आपल्याकडं को-पे म्हटलं की टक्काच. म्हणजे औषधाची किंमत वाढली की आपला हिस्सा न बोलता वाढतो. आणि किंमत वाढतेच. सरकारनं ज्यांच्या किमती बांधल्यात त्या औषधांची कमाल किंमत दर एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे हलते, २०२५ मध्ये ती १.७४ टक्क्यांनी वर सरकवायला परवानगी होती. बांधणीबाहेरच्या औषधांचा एमआरपी कंपनीला वर्षात दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, २०२५ पासून औषधांवर माणसानं स्वतःच्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर द्यायचे, पुढचं विमा बघतो. २०२६ ला ते २,१०० झालेत. म्हणजे तिथं माणसाच्या खर्चाला कुंपण. आमच्या रायडरमध्ये १५,००० चं कुंपण आहे ते कंपनीच्या खर्चाला. कुंपण तेच, पण गाय दुसऱ्या बाजूला.

असो. सप्टेंबरच्या जादा दहा टक्क्यांबद्दल मी तक्रार केली. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, मग 'बीमा भरोसा' ह्या सरकारी पोर्टलवर. मुद्दा एकच मांडला: वयाची अट कागदात आहे, ती मान्य, पण दुकान यादीतनं काढल्याचं मला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गानं कळवलं ते दाखवा. बाराव्या दिवशी उत्तर आलं की 'सद्भावना म्हणून' दहा टक्के परत करत आहोत. खात्यावर १२४ रुपये जमा. तोच आकडा! सौ.ला दाखवला तर म्हणाली, फ्रेम करून लावा. एजंट आधी म्हणत होता, एवढ्यासाठी कशाला, बेंगळुरूला लोकपालाकडं जायची वेळ आली तर? विमा लोकपालाकडं वकील लागत नाही, फीही नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. पण तिथवर जावं लागलं नाही.

ऑक्टोबरपासून प्रिफर्ड यादीतल्या दुकानात जायला लागलो. ते टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. गेट पडलेलं असलं की स्कूटर बंद करून गाडी जाईपर्यंत बघत बसायचं. त्या महिन्यात बिलच खाली आलं होतं, १,१६२. २२ सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा हा परिणाम. वीस टक्क्यांनी माझा हिस्सा २३२. म्हणजे तीन महिन्यांत १२४, ३७२, २३२. एकाही वेळी गोळी बदललेली नव्हती.

जीएसटीवरनं आठवलं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी पूर्ण गेला. मी हप्ता भरला १८ ऑगस्टला. ३५,००० वर ६,३०० कर, एकूण ४१,३००. पस्तीस दिवसांसाठी ६,३०० गेले. ह्यात कंपनीचा दोष नाही, कुणाचाच नाही, पण आमच्या घरात अजून कुणी 'ऑगस्ट' म्हटलं की मी उठून पाणी प्यायला जातो.

नोव्हेंबरात खरा धडा मिळाला. साखर ऐकेना म्हणून डॉक्टरांनी साखरेची आणखी एक गोळी जोडली, एम्पाग्लिफ्लोझिन, रोज एक. चिठ्ठीवर मूळ कंपनीचा ब्रँड होता. तीस गोळ्यांचे १,६८०. महिन्याचं बिल २,८४२ आणि माझा हिस्सा ५६८. मी काउंटरवर मनात हिशेब केला. कंपनी दर महिन्याला २,२७४ देणार, तर पंधरा हजार एप्रिलमध्येच संपणार, आणि एप्रिलच्या पुढं ऑगस्टपर्यंत को-पे शंभर टक्के. असा दिवस येतो तेव्हाही मेसेज येत नाही, हे आता मला न विचारता ठाऊक होतं.

तिथल्या फार्मासिस्ट बाई माझं तोंड बघून म्हणाल्या, "अण्णा, ह्याचं पेटंट मार्चमध्येच संपलंय. आता बऱ्याच कंपन्या काढालेत. दहाच्या आसपास पडते गोळी. डॉक्टरांना विचारून घ्या." मी पिशवी तिथंच ठेवून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दोन मिनिटांत चिठ्ठी बदलून दिली, म्हणाले, चांगल्या कंपनीची घ्या आणि महिन्यानं साखर तपासून दाखवा. वर एक बजावलं की सौ.च्या थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र उगाच बदलत बसू नका, ती एकच ठेवा. तीस गोळ्या ३०० रुपयांना आल्या. पूर्ण बिल १,४६२, माझा हिस्सा २९२.

आता बघा. ब्रँडच्या एकट्या गोळीवर विमा असताना माझा हिस्सा होत होता ३३६. तीच औषधी गोळी जेनेरिक घेतली तर विम्याशिवाय पूर्ण किंमत ३००. कार्डापेक्षा फार्मासिस्ट बाईंचं एक वाक्य जास्त कामाला आलं, आणि त्याला हप्ता नाही.

डिसेंबरात मी जनऔषधी केंद्रात जाऊन चिठ्ठीतल्या बाकीच्या औषधांचे भाव घेतले. थायरॉईडची बाटली नेहमीच्या कंपनीची धरूनसुद्धा सगळं महिन्याला साडेतीनशेच्या आत बसत होतं. एम्पाग्लिफ्लोझिनचे ३०० धरून साडेसहाशे. वर्षाला ७,८००. तिथं कार्ड चालत नाही, रांगेत उभं राहावं लागतं, एखादी गोळी नसली तर परत या म्हणतात. उलट बाजूला रायडर: त्याचा वर्षाचा हप्ता ५,८००, जीएसटी गेल्यावरही. त्यात माझा हिस्सा २९२ च्या हिशेबानं बारा महिन्यांचे ३,५०० च्या वर. झाले ९,३००. म्हणजे विमा घेऊन मी दीड हजार जास्त देत होतो, आणि रेल्वे गेटला थांबतही होतो. को-पे दहा टक्के असताना आणि मी ब्रँडच घेत असताना हा रायडर परवडत होता, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा जनऔषधीत डोकावायचं मला सुचलंच नव्हतं. १२४ रुपयांत भागत असताना कोण डोकावतो.

मुख्य पॉलिसीबद्दल माझं मत वेगळं आहे. जानेवारीत सौ.च्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिचा बेत पुण्याला, लेकीकडं कोथरूडला राहून करायचा होता. पण कपाटातली चाळीस पानं आता मला तोंडपाठ होती. पॉलिसी बेळगावच्या पत्त्यावर, म्हणजे स्वस्त झोनमध्ये काढलेली. पुण्या-मुंबईसारख्या महाग झोनमध्ये उपचार घेतले तर आणखी पंधरा टक्के को-पे, वयाच्या वीसशिवाय. आपल्या भागातली निम्मी आजारपणं मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला जातात, पोरं तिकडंच नोकरीला असतात. एजंट लोकांनी निदान इथं तरी ही ओळ आधी वाचून दाखवावी. लेक थोडी रुसली, पण ऑपरेशन बेळगावातच झालं.

बिल ३८,०००. त्यातले १,००० हातमोजे, फायली असल्या, विमा ज्यांचे पैसे देत नाही अशा वस्तूंचे, ते आधी वजा. उरलेल्या ३७,००० वर वीस टक्के, म्हणजे ७,४००. मी एकूण दिले ८,४०० आणि कंपनीनं २९,६००. को-पे आधी की वजावट आधी, हे मी फोन करून विचारलं होतं, त्यामुळं काउंटरवर धक्का बसला नाही. डिस्चार्जच्या वेळी कंपनीनं तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असा २०२४ चा नियम आहे. आमची दोन तास चाळीस मिनिटांत आली. तोपर्यंत सौ.नं काळा चष्मा घालून अख्ख्या वॉर्डाची विचारपूस करून झाली होती.

पण वीस टक्के मोतीबिंदूला ७,४०० असतात आणि हृदयाच्या तीन लाखांच्या बिलाला साठ हजार. ते साठ हजार वेगळे ठेवलेत का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. मी ठेवलेत, एफडीत, सोसायटीतच.

कुणी विचारेल, सरकारी योजना आहेत की. आहेत. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं दोन सरकारांचं वाजलंही. पण दोन्ही दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ५ तारखेच्या गोळ्यांची पिशवी त्यात बसत नाही.

तारे द्यायचे तर मुख्य पॉलिसीला पाचात साडेतीन. क्लेम दिला, वेळेत दिला, अर्धा तारा त्या आठ मेसेजांपायी कापला. रायडरला दीड, त्यातला अर्धा १२४ परत केल्याबद्दल. कॉल सेंटरच्या बाईंना चार, कारण बासरी ऐकवली तरी शेवटी खरं उत्तर त्यांनीच दिलं. साठीच्या आतल्या, महाग औषध चालू असलेल्या आणि त्याचं जेनेरिक अजून न आलेल्या माणसाला हा रायडर अजूनही फायद्याचा ठरू शकतो. घेणार असाल तर एजंटला तीन आकडे कागदावर लिहून मागा: आज को-पे किती, कितव्या वर्षी किती होणार, आणि कंपनी वर्षाला किती रुपयांवर थांबणार. तोंडी नको.

येत्या ऑगस्टला रायडर काढून टाकतोय, पॉलिसी ठेवतोय. एजंट परवा येऊन बसला होता. "काका, काढू नका की, नंतर परत घ्यायला गेलात तर नव्यानं धरतील." मी त्याला वही दाखवली. त्यानं ९,३०० आणि ७,८०० बघितलं, चहा संपवला आणि सौ.ला म्हणाला, "काकी, मोतीबिंदू दुसऱ्या डोळ्यात पण असेल ना?"

गोळ्यांसाठी आता सौ.च्या नावानं रोज पंचवीस रुपयांची पिग्मी चालू केलीय, माझ्या जुन्या सोसायटीतच. नवा पोरगा येतो संध्याकाळी सहाला. त्याच्याकडं छोटं मशीन आहे, कागद फाडावा लागत नाही. पहिल्या दिवशी त्यानं पैसे घेतले आणि निघाला. मी म्हटलं, पावती? म्हणाला, मोबाईलवर येते काका. आली नाही अजून. उद्या विचारणार आहे.